वाकेरीचा आकडा

“घाडीभाऊ, तुम्ही सांगा. यंदा ताप कधी डोकं वर काढणार?”

साथरोग कक्षाच्या प्रमुख डॉ. पुनाळेकर मॅडमनी हे विचारलं तेव्हा भिंतीवर माझा आलेख होता. पडदा नव्हता म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवलं होतं आणि गेली दहा मिनिटं उभा राहून बोलत होतो. गेल्या सहा वर्षांतले लेप्टोच्या तापाचे रुग्ण, आठवड्यावार. दोन-तीन आठवड्यांपूर्वी पडलेला पाऊस. वर्षाच्या फेऱ्याबरोबर चढणारी आणि उतरणारी लाट. हे सगळं एकत्र गुंफून पुढच्या काही आठवड्यांत कुठल्या आरोग्य केंद्रात किती रुग्ण येतील याचा अंदाज. मॅडमनी सगळं नीट ऐकलं, मान डोलावली आणि मग खुर्ची जराशी वळवून मागच्या रांगेतल्या वामन घाडींना विचारलं.

घाडी उठले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत म्हणाले, “लावणी आटोपली की तिसऱ्या आठवड्यात कुडवलला सुरू होईल. वाकेरी त्याच्यानंतर.”

“लिहून घ्या,” मॅडम बाकीच्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “चिंचोळकर, छान केलंय हो. चालू ठेवा.”

मी प्रोजेक्टर बंद केला आणि कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. उदगीरचा मुलगा, संख्याशास्त्रात एम.एस्सी., विद्यापीठात दुसरा आलेला. कोकणातल्या एका जिल्ह्यात साथरोग कक्षात कंत्राटी जागा मिळाली म्हणून आलो होतो. भाताच्या खाचरांतल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं, पायाला भेग किंवा जखम असली की तिथून जंतू शिरतात आणि माणूस तापाने फणफणतो, हे मला तिथे येऊन कळलं. वामन घाडी आरोग्य पर्यवेक्षक होते. वय पंचावन्न, दहावी झालेले, नोकरीची तीस वर्षं त्याच जिल्ह्याच्या पायवाटांवर काढलेली.

आणि त्या वर्षी कुडवलला ताप तिसऱ्याच आठवड्यात सुरू झाला. माझ्या गणिताने पाचवा सांगितला होता.

मत्सर कसा असतो हे मला त्या कार्यालयात कळलं. आधी वाटायचं, तो एकदम पेटतो. पण तो भातातल्या खड्यासारखा असतो, दर घासाला दाताखाली येतो. जीपमध्ये पुढची सीट घाडींची, कुणी सांगावं लागत नसे. गावात उतरलं की माणसं “भाऊ इले” म्हणत ओसरीवर खुर्ची टाकायची, आणि मी बरोबरचा ‘मशीनवाले सर’. माझा लॅपटॉप बघून एका म्हातारीने त्यांना विचारलं होतं, “ह्यो काय फोटो काढतलो?” सगळे हसले. घाडी हसले नाहीत, उलट तिला समजावून सांगितलं की हे सर मोठे शिकलेले आहेत, ताप यायच्या आधी ओळखतात. त्यांनी असं सांगितल्याचा मला जास्त राग आला.

त्या हिवाळ्यात एका रविवारी त्यांनी मला दुपारी जेवायला बोलावलं. मी मासे खात नाही हे त्यांना माहीत होतं. वहिनींनी मुद्दाम काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या केल्या होत्या. जेवण झाल्यावर घाडींनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवली. आत बावीस वह्या होत्या.

“ह्या तुमका उपयोगी पडतीत काय बघा,” ते म्हणाले. घरी ते मालवणीतच बोलायचे. “सहा वर्षांचा तुमच्याकडे आसा. माझ्याकडे बावीस वर्षांचा आसा. तपासणी नव्हती तेव्हा आम्ही काविळीचो ताप म्हणून लिवायचो.”

मी एक वही उघडली. तारीख, गाव, रुग्णाचं वय, ताप कधी भरला, त्याआधी कुठल्या शेतात काय काम केलं. शेवटच्या रकान्यात पाऊस, त्यांच्या शब्दांत. ‘रिपरिप.’ ‘दोन दिवस धो धो.’ ‘उघडीप, नऊ दिवस.’ एकही आठवडा कोरा नव्हता.

“तुम्ही हे कुणाला दाखवलं नाहीत?” मी विचारलं.

“कोणी मागला नाय.” मग जरा लाजल्यासारखे होऊन म्हणाले, “माका ता गणित शिकवशात? ती लाट कशी काढतत ती?”

मी हो म्हटलं. शिकवलं मात्र कधी नाही. वह्या घेऊन आलो आणि दोन महिने संध्याकाळी बसून सगळे आकडे संगणकात भरले. विद्यापीठात शिकून मी जी माहिती गोळा केली असती तिच्यापेक्षा ही चोख होती, आणि ती दहावी झालेल्या माणसाने, कुणी न सांगता, जमवली होती. भरताना मी कितीतरी वेळा चूक शोधली. सापडली नाही. आता गणिताच्या पोटात सहाच्या जागी बावीस पावसाळे गेले आणि त्याची नजर एकदम साफ झाली. अहवालात मी लिहिलं, ‘स्थानिक नोंदींचा आधार घेतला आहे.’ घाडींचं नाव लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी लावण्या वेळेत झाल्या आणि जुलैच्या मध्यावर पाऊस थांबला. कडक ऊन पडलं. सगळ्यांना बरं वाटलं, कारण पाऊस थांबला की ताप दबतो असा तिथला अनुभव. चोवीस जुलै, शुक्रवार. दुपारी मी नेहमीप्रमाणे आठवड्याचे आकडे भरले आणि पुढचा अंदाज काढला. पाच केंद्रं शांत होती. वाकेरीसमोर, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यासाठी, आकडा आला चौदा. त्या आठवड्यात वाकेरीला एरवी दोन, फार तर तीन रुग्ण असायचे.

मी पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढला. मग मागे जाऊन हा आकडा कुठून येतोय ते शोधलं. बावीस वर्षांत दोनदा असं झालं होतं, लावणीनंतर आठ-दहा दिवसांची उघडीप आणि तीन आठवड्यांनी वाकेरीच्या खाडीकाठच्या वाड्यांत तापाचा भडका. पाणी खाचरांत साचून कोमट होतं, उंदीर बांधावर येतात आणि ऊन पडलं म्हणून माणसं बेणणीला, म्हणजे शेतातलं तण काढायला, अनवाणी उतरतात. घाडींनी ते दोन्ही वेळा लिहून ठेवलं होतं. त्यांच्या आठवणीत ते राहिलं नव्हतं, वह्यांत होतं.

मी तो कागद छापला. खाली सही केली, तारीख घातली आणि फायलीत ठेवला.

सोमवारी बैठकीआधी व्हरांड्यात घाडी चहाचा ग्लास घेऊन माझ्याकडे आले.

“सर, तुमचा मशीन काय म्हणता?” त्यांनी आवाज खाली केला. “माका ह्या खेपेक जरा धाकधूक आसा. ऊन बरा दिसता, पण मन खाता.”

“तुम्ही काय ठरवलंय?” मी विचारलं.

“गोळ्यो आताच काढूच्यो नाय, असा वाटता. साठो थोडो. आता वाटल्यो तर कापणीक काय उरतला? गणपतीच्या आधी वाटूया.”

“मग बरोबर आहे,” मी म्हणालो. “माझंही तेच येतंय.”

त्यांचा चेहरा सैल झाला. “बरा झाला विचारलंय ता,” ते म्हणाले आणि माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला.

बैठकीत ठरायचं तेच ठरलं. गोळ्या डॉक्सीच्या, ताप येऊ नये म्हणून शेतात उतरणाऱ्यांनी आठवड्याला एकदा घ्यायच्या. जिल्ह्याच्या भांडारात होत्या त्या सगळ्या केंद्रांना जेमतेम चार आठवडे पुरतील एवढ्या. घाडींनी त्यांचं मत सांगितलं. मॅडमनी ते मानलं. पण लिहायच्या आधी त्यांनी मला विचारलं, आणि हे मी विसरू शकत नाही, “चिंचोळकर, तुमचं काही वेगळं?”

“नाही मॅडम.”

फाईल माझ्या मांडीवर होती.

ऑगस्टच्या तीन तारखेला कार्यालयातला फोन वाजला. घाडी दौऱ्यावर होते म्हणून मी उचलला. वाकेरीची आशाताई होती, दर्शना मेस्त्री. तिशीतली, चुणचुणीत बाई. नवरा सुहास सुतारकाम करायचा आणि पावसाळ्यात घरची दीड खाचर भातं बघायचा. त्यांच्या अंगणात बसून मी एकदा आकडे घेतले होते, तेव्हा त्याने माझ्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय दोन मिनिटांत नीट करून दिला होता.

“सर, वाडीतली सगळी माणसं बेणणीला उतरलीत,” ती म्हणाली. “आमचे हेसुद्धा रोज जातात. गोळ्या कधी पाठवताय?”

“गणपतीआधी येतील.”

“एवढ्या उशिरा?”

“घाडीभाऊंनी ठरवलंय.”

“भाऊंनी ठरवलंय ना, मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो. त्या क्षणीसुद्धा मॅडमच्या केबिनचं दार दहा पावलांवर होतं. पण तिचं ते ‘भाऊंनी ठरवलंय ना’ कानात घुसलं होतं. मी मनात म्हणालो, आता कळेल सगळ्यांना.

वाकेरीतून पहिले पाच रुग्ण दहा तारखेला आले. घाडी त्याच दुपारी मॅडमकडे धावले, गोळ्या बाहेर काढायला लावल्या आणि स्वतः जीपमध्ये बसून घेऊन गेले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्यांच्या अंगात जंतू शिरायचे ते मागच्याच आठवड्यात शिरले होते. आठवड्याच्या शेवटी वाकेरीचे रुग्ण सोळा झाले. त्यात सुहास मेस्त्री होता. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, लघवी बंद झाली, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौथ्या दिवशी तो गेला. दर्शनाच्या घरातल्या पिशवीत तोवर गोळ्या येऊन पडल्या होत्या, वाडीत वाटायला.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. रडून झालेलं होतं. बायका सरकून वाट देत होत्या. घाडी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, “दर्शना, चूक माझी झाली. गोळ्या आधी काढायला हव्या होत्या.”

थोड्या वेळाने तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. घाडी तसेच बसून राहिले, मांडीवर हात ठेवून.

मी दारात उभा होतो. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. मला वाटलं, चुकला तरी हाच माणूस त्यांचा. मला त्या खांद्याचाही हेवा वाटला.

चौकशीला वरून दोन अधिकारी आले. घाडींनी सरळ लिहून दिलं की अंदाज त्यांचा होता. मी व्हरांड्यात त्यांना काय सांगितलं, त्याचा एक शब्दही त्यांनी लिहिला नाही. नंतर मॅडमनी मला एकट्याला बोलावलं. “तुमच्या गणितातही हे दिसलं नव्हतं ना?” त्यांनी विचारलं. त्या थकलेल्या दिसत होत्या. मी म्हणालो, “नाही.”

खरं तर तो कागद मी याच दिवसासाठी छापला होता. घाडी चुकतील, दहा-बारा माणसं तापाने पडतील, बरी होतील, आणि मी सगळ्यांसमोर तो टेबलावर ठेवीन, सहीसकट, तारखेसकट, असा माझा बेत होता. कुणी मरेल हे मी धरलंच नव्हतं. बावीस वर्षांच्या नोंदींत मृत्यूचाही रकाना होता, पण तो मी संगणकात भरला नव्हता. अंदाजाला तो लागत नव्हता. आता तो कागद दाखवला असता तर त्यातून एकच गोष्ट सिद्ध झाली असती, की मला माहीत होतं.

घाडींना बैठकीतून काढून औषध भांडारात बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. पुढच्या सोमवारी मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“चिंचोळकर, तुम्ही सांगा. पुढे काय?”

सगळ्यांनी वह्या उघडल्या. मागच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. वर्षभर मी ज्या वाक्यासाठी जळत होतो ते हेच. मी आकडे वाचायला सुरुवात केली आणि कुडवलपाशी थांबलो. खालच्या ओळीत वाकेरी होतं. शेजारच्या बाईंनी माझ्या हातातला कागद घेऊन उरलेलं वाचून दाखवलं.

जेवणाच्या सुट्टीत मी भांडारात गेलो. घाडी खोक्यांवर तारखा लिहीत होते, त्याच नेटक्या अक्षरात. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा वर-खाली करून तो वाचला. तारीख बघितली. परत वाचला.

“चौदा,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि झाले सोळा. जवळ होतास.”

तोवर त्यांनी मला ‘सर’ आणि ‘तुम्ही’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

“ह्या खयसून इला?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या वह्यांतून. दोनदा असं झालं होतं. उघडीप, नऊ दिवस. तुम्हीच लिहिलंय.”

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “म्हणजे माझ्याच घरात होता.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “मी तुका विचारलंय. धाकधूक आसा म्हणून सांगितलंय.”

“हो.”

“कित्याक असा केलंस?”

मी उत्तर जमवून आलो होतो, पण ते त्यांच्यासमोर टिकेना. “सगळे तुम्हालाच विचारायचे,” मी म्हणालो.

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. “मॅडमांक दे. पण आधी दर्शनाक सांग. माझ्याकडे येवन काय उपयोग? माणूस तिचा गेलो.”

“तुम्ही बरोबर याल?”

“नाय.”

मी एकटा गेलो, एसटीने. दर्शना आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसून गोळ्या मोजून पाकिटांत भरत होती. पंधरवडा झाला नव्हता आणि ती कामावर आली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, फोनवरच्या त्या वाक्यासकट. तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या नजरेत राग शोधूनही मला सापडला नाही. ती फक्त हिशेब लावत होती, तीन तारखेपासून पुढचा, एकेका दिवसाचा.

“तीन तारखेला गोळ्या आल्या असत्या तर ते वाचले असते?” तिने विचारलं.

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे किती? तुम्हाला आकड्यात सांगता येतं ना?”

मी तो आकडा काढलेला होता. घरी बसून काढला होता, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. “दहातले आठ-नऊ,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, पाकिटं पदरात घेतली आणि आत गेली. केंद्राचं दार तिने लावून घेतलं नाही, पण मी आत गेलो नाही.

मॅडमना कागद दिला. त्यांनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं. घाडींना परत बैठकीत बोलावलं, ते गेले नाहीत. भांडारातूनच निवृत्त झाले. माझं कंत्राट मार्चमध्ये संपलं आणि वाढवलं गेलं नाही, आणि मी ते वाढवा असं म्हणालोही नाही. जाण्याआधी बावीस वह्या परत करायला घाडींच्या घरी गेलो. वहिनींनी त्या दारातच घेतल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

त्या गणिताचं पुढे बरंच झालं. मी दुसऱ्या एका संस्थेत गेलो, ते पाच जिल्ह्यांत लागू झालं, त्यावर लेख आले. प्रत्येक लेखात पहिलं नाव वामन घाडी यांचं आहे. पहिला लेख मी त्यांना टपालाने पाठवला होता. पोच आली नाही. परिषदांत लोक मला एक गोष्ट नेहमी विचारतात. आमच्या पद्धतीत शुक्रवारी दुपारी आकडा निघाला की त्याच मिनिटाला त्या गावच्या आशाताईच्या मोबाइलवर संदेश जातो. अधिकाऱ्यालाही तेव्हाच जातो, आधी नाही. कुणी तपासायचं नाही, कुणी मंजुरी द्यायची नाही. एखादा आकडा चुकला तर, मधे एक जाणता माणूस नको का, असं ते विचारतात. त्याने वेळ वाचतो, असं मी सांगतो.

वाकेरीचा संदेश दर्शना मेस्त्रींना जातो. त्या आता आशांच्या गटप्रवर्तक झाल्या आहेत. बाकीच्या बायका कधीतरी उत्तरादाखल काही लिहितात, विचारतात, सणाच्या शुभेच्छा पाठवतात. दर्शना मेस्त्रींनी आजवर कधीच काही लिहिलेलं नाही. पण वाकेरीच्या नोंदीत गोळ्या वाटल्याची तारीख असते, आणि ती नेहमी त्याच शुक्रवारची असते.